वर्गमूळ दिसलं की 'नाही': नववीतल्या एका विद्यार्थिनीची बहुपदी

या मुलीला बहुपदी (५क्ष² − ३क्ष + १ सारख्या राशी) येत नाही असं कुणीच म्हटलं नसतं. बेरीज-वजाबाकी बिनचूक, कंस सोडवताना चिन्हांची गडबड नाही, वर्ग त्रिपदीचे अवयव तर ती तोंडीच पाडायची. माझ्याकडे ती आली ती भागाकाराची तक्रार घेऊन. काही उदाहरणं बरोबर येतात, काही चुकतात, आणि का चुकतात तेच कळत नाही. घरच्यांनी त्याला निष्काळजीपणा म्हणून टाकलं होतं. मला ते पटलं नाही. निष्काळजीपणाच्या चुका विखुरलेल्या असतात, आज इथे तर उद्या तिथे. हिच्या वहीतल्या चुका ठरावीक प्रकारच्या उदाहरणांतच होत होत्या.

म्हणून भागाकार बाजूला ठेवला आणि आधी एक कागद दिला. त्यावर काही बैजिक राशी होत्या. प्रत्येकीपुढे दोन गोष्टी लिहायच्या: बहुपदी आहे की नाही, आणि का. माझा सगळा रस त्या 'का'च्या रकान्यात होता. नुसतं हो-नाही विचारलं तर निम्मी उत्तरं अंदाजानेही बरोबर येतात आणि शिकवणाऱ्याला उगाच समाधान मिळतं.

५क्ष² − ३क्ष + १ ला 'हो'. √२क्ष² + क्ष/३ ला 'नाही, वर्गमूळ आहे आणि अपूर्णांकही आहे'. √क्ष + ३ ला 'नाही, वर्गमूळ'. (क्ष + २)(क्ष − ३) ला 'नाही, हा गुणाकार आहे, पदं नाहीत'. नुसत्या ७ ला 'नाही, यात क्ष नाही'. '२ चा क्षवा घात, अधिक १' याला 'हो, घातांक आहे'. शून्यापुढची जागा कोरी.

खरी गंमत मधल्या दोन ओळींत होती. मी त्या मुद्दाम एकाखाली एक ठेवल्या होत्या. १/क्ष + २ ला तिने लिहिलं, 'नाही, अपूर्णांक'. लगेच खाली क्ष⁻¹ + २ ला लिहिलं, 'हो'. घातांकांचे नियम तिला चांगले येतात. म्हणून विचारलं, "क्ष⁻¹ म्हणजे काय?"

"एक छेद क्ष."

"मग?"

तिने दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या, खालचं 'हो' खोडून 'नाही' केलं. कारण विचारल्यावर म्हणाली, "आत अपूर्णांक लपलाय, मॅडम."

उत्तर दुरुस्त झालं, पण चुकीचा नियम होता तिथेच राहिला, उलट आणखी पक्का झाला. तिच्या डोक्यात बहुपदी म्हणजे काही चिन्हांना मज्जाव असलेली राशी होती. वर्गमूळ नको, छेद नको, कंस नको. √क्ष ला 'नाही' हे उत्तर बरोबर आणि √२क्ष² ला 'नाही' हे चूक, पण दोन्हींमागचं कारण तिच्या लेखी एकच. व्याख्या विचारली तर ती तिने घडाघडा म्हणून दाखवली: प्रत्येक पदात चलाचा घातांक पूर्ण संख्या (०, १, २, ३...) असला पाहिजे. त्या वाक्याचा सगळा भार 'चलाचा' (म्हणजे क्ष चा) या शब्दावर आहे आणि नेमका तोच तिच्या नजरेतून निसटत होता. √२ मधल्या वर्गमूळाशी चलाचा काही संबंध नाही. ती फक्त एक संख्या आहे, सहगुणकाच्या, म्हणजे चलाला गुणणाऱ्या संख्येच्या, जागी बसलेली.

यात सगळा दोष तिच्या माथी मारता येणार नाही. सरावाला आपण जी 'बहुपदी नसलेली' उदाहरणं देतो ती बहुतेक √क्ष किंवा १/क्ष याच साच्यातली असतात, आणि बहुपदींचे सहगुणक मात्र साधे पूर्णांक. अशा सरावात चिन्हं बघून उत्तर देणारं पोरही पुढे निघून जातं. सोपा नियम वारंवार बरोबर ठरत असेल तर तो कोण सोडेल?

कोटीच्या, म्हणजे चलाच्या सर्वांत मोठ्या घातांकाच्या, प्रश्नांतही हेच दिसलं. ५³क्ष² ची कोटी तिने ३ सांगितली, कारण 'सर्वांत मोठा घातांक ३'. इथे ३ हा घातांक ५ वर आहे, म्हणजे ५³ हे १२५ चंच दुसरं रूप. क्ष वरचा घातांक २, म्हणून कोटी २. (क्ष + १)(क्ष − २) − क्ष² ची कोटी तिने २ सांगितली. कंस सोडवला की क्ष² − क्ष − २ − क्ष², म्हणजे −क्ष − २ उरतं. कोटी १.

आता मूळ तक्रारीकडे. संश्लेषक भागाकाराचं (फक्त सहगुणक मांडायचे, खाली आलेल्या प्रत्येक संख्येला क्ष − १ मधल्या १ सारख्या संख्येने गुणून पुढच्या सहगुणकात मिळवायचं) एक उदाहरण माझ्यासमोर करायला सांगितलं: क्ष³ − ३क्ष + २ ला क्ष − १ ने भाग. तिने सहगुणक मांडले १, −३, २. १ खाली उतरवला, −३ मध्ये १ मिळवून −२, मग २ मध्ये −२ मिळवून ०. उत्तर लिहिलं: भागाकार क्ष − २, बाकी ०. शेष सिद्धांताने (क्ष − अ ने भागल्यावरची बाकी म्हणजे क्ष = अ ठेवून येणारी किंमत) ताळाही घेतला. क्ष = १ ठेवलं की १ − ३ + २ = ०. जुळलं. तिने समाधानाने रेघ मारली.

मग त्याच बहुपदीला क्ष − २ ने भागायला सांगितलं. पुन्हा १, −३, २ मांडलं. खाली आलं १, −१, ०. बाकी ०. ताळ्यासाठी क्ष = २ ठेवलं तर ८ − ६ + २ = ४. बाकी एकीकडे शून्य, दुसरीकडे चार. "हे असंच होतं," ती म्हणाली. "कधी जुळतं, कधी नाही."

कधी जुळतं आणि कधी नाही, याचं उत्तर इथे अगदी नेमकं देता येतं. क्ष³ आणि क्ष यांच्या मध्ये क्ष² ची जागा आहे. ती रिकामी आहे, म्हणून तिथे ० मांडायला हवं. मांडणी १, ०, −३, २ अशी. शून्य गाळल्यामुळे ती नकळत क्ष² − ३क्ष + २ या वेगळ्याच बहुपदीला भागत होती. क्ष = १ असताना ही चूक पकडली जात नाही, कारण १ चा कोणताही घात १ च. सहगुणक कुठल्या घराचा आहे याने काही फरक पडत नाही, सगळ्यांची बेरीज तीच येते. क्ष = २ असताना मात्र घर बदललं की किंमत बदलते. म्हणजे तिच्या वहीतलं 'कधी जुळतं' हे प्रामुख्याने क्ष − १ ने भागण्याचं कर्तृत्व होतं. त्यातही बाकी तेवढी जुळायची, भागाकार चुकलेलाच असायचा. शून्य घालून केलं की खाली १, १, −२, ० येतं, म्हणजे भागाकार क्ष² + क्ष − २.

मला अधिक खटकलं ते दुसरंच. त्रिघाती बहुपदीला एकघातीने भागून उत्तर क्ष − २ आलं आणि तिला काहीच खटकलं नाही. तीन कोटीच्या बहुपदीला एक कोटीच्या बहुपदीने भागलं तर भागाकाराची कोटी दोनच यायला हवी. उत्तराची कोटी हा फुकटात मिळणारा ताळा आहे. पण कोटी ही तिच्या दृष्टीने प्रश्नपत्रिकेत एका गुणाला विचारतात ती गोष्ट होती, हिशेबात वापरायची नव्हे.

रिकाम्या जागेत शून्य लिहिण्याची शिस्त फार जुनी आहे. ब्रह्मगुप्तांच्या ब्राह्मस्फुटसिद्धांतावर (इ. स. ६२८) पृथूदकस्वामींनी नवव्या शतकात भाष्य लिहिलं. १०क्ष − ८ = क्ष² + १ हे समीकरण त्यात दोन ओळींत मांडलेलं आहे. वर 'याव ० या १० रू ८', त्या ८ च्या डोक्यावर ऋण दाखवणारा ठिपका, आणि खाली 'याव १ या ० रू १'. 'या' म्हणजे यावत्तावत्, आपला क्ष. 'याव' म्हणजे त्याचा वर्ग. 'रू' म्हणजे रूप, आपलं स्थिर पद. वरच्या ओळीत वर्ग नाही, तरी त्याचं घर आहे आणि त्यात शून्य आहे. खालच्या ओळीत क्ष नाही, तिथेही शून्य आहे. हे मी तिला कागदावर लिहून दाखवलं. दोन्ही ओळी घराखाली घर धरून वजा करायला तिला वेळ लागला नाही: क्ष² − १०क्ष + ९ = ०, म्हणजे क्ष = १ किंवा ९.

एव्हाना तिच्या चुकांचं निदान माझ्यापुरतं पक्कं झालं होतं. √२ वर अडणं, ५³ चा घातांक कोटीत धरणं आणि भागाकारात शून्य गाळणं या तीन वेगळ्या चुका नव्हत्या. ती राशी जशी दिसते तशी वाचत होती. दिसतं ते आहे, दिसत नाही ते नाही. बहुपदी कशी तयार होते, हे तिला कधी बघायलाच मिळालं नव्हतं.

व्याख्या पुन्हा समजावण्यात अर्थ नव्हता, ती पाठच होती. त्याऐवजी एक खेळ मांडला. माझ्या मनात एक संख्या आहे, तिचं नाव क्ष. ती तुला कळणार नाही. तुझ्याकडे मात्र जगातल्या सगळ्या संख्या आहेत: ऋण, अपूर्णांक, √२, पाय (π), हवी ती घे. क्रिया तीनच करायच्या, बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार. कितीही वेळा कर, पण कुठेतरी थांबायचं. अशा रीतीने जे जे बांधता येईल ती बहुपदी.

"√२ घेतलं तर चालेल?"

"संख्या आहे ना ती?"

तिने √२ घेतलं, क्ष ने दोनदा गुणलं. √२क्ष² तयार. मग क्ष/३ वर अडली. भागाकाराला तर परवानगी नाही. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "एक तृतीयांश ही पण संख्याच आहे. तिने गुणते." माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच. संख्येने भागणं म्हणजे दुसऱ्या संख्येने गुणणंच, म्हणून ते चालतं. क्ष ने भागायला मात्र क्ष चा व्यस्त हवा आणि तो तुमच्याजवळ नाही. छेद बघून घाबरण्यापेक्षा छेदात कोण आहे ते बघायचं, हे तिला सांगावं लागलं नाही.

(क्ष + २)(क्ष − ३) तर आता सरळच होतं. दोन बेरजा-वजाबाक्या आणि एक गुणाकार. ७ बद्दल तिने विचारलं, "क्ष वापरलाच नाही तर?" वापरलाच पाहिजे असा नियम कुठे आहे? मग ७ ही बहुपदी, कोटी ०. आणि घातांक पूर्ण संख्याच का, हे आपोआप उलगडलं. क्ष ने कितीदा गुणलं याची ती मोजणी आहे. शून्य वेळा, एकदा, दोनदा. उणे एकदा किंवा अर्ध्यांदा कुणी गुणत नाही.

मग तिने एक प्रश्न विचारला. "१/क्ष बांधता येतच नाही, की आपल्याला जमत नाही?" या भेदाची जाणीव असलेलं मूल गणितात मागे पडत नाही, असं माझं मत आहे, भले ते चार ठिकाणी शून्य गाळो. पहिलं उत्तर तिनेच शोधलं. क्ष शून्य असेल तर १/क्ष ची किंमत निघत नाही, आपण बांधलेल्या कुठल्याही राशीची मात्र निघतेच, कारण बेरीज आणि गुणाकार कधी अडत नाहीत. √क्ष साठी ही युक्ती पुरत नाही, शून्याचं वर्गमूळ निघतं. तिथे कोटी कामाला येते. दोन बहुपदींचा गुणाकार केला की कोट्यांची बेरीज होते. समजा एखादी बहुपदी √क्ष इतकी असेल, तर तिचा वर्ग क्ष इतका. बहुपदीची कोटी म असेल तर वर्गाची कोटी २म, म्हणजे सम. क्ष ची कोटी १. सम संख्या १ इतकी कशी असेल? ती लगेच म्हणाली, "मग १/क्ष ला पण हेच लागू होईल. त्याला क्ष ने गुणलं की कोटी एकने वाढणार, आणि १ ची कोटी तर शून्य." हे मी सांगितलं नव्हतं.

याच नियमाने कागदावरची कोरी जागाही भरली. शून्य बहुपदीची कोटी ठरवता येत नाही, हे वाक्य तिने वाचलेलं होतं, पण का ते ठाऊक नव्हतं. ० × क्ष³ = ०. शून्याची कोटी काहीही मानली तरी त्यात ३ मिळवून तीच संख्या यायला हवी. अशी संख्या नाही.

'२ चा क्षवा घात' यावर तिने जोरदार वाद घातला. "२ ला क्ष वेळा गुणलंय. गुणाकारच आहे ना?" आक्षेप बिनतोड वाटतो. पण कितीदा गुणायचं हेच क्ष वर अवलंबून आहे, आणि क्ष तर तुला माहीत नाही. कृती आधी लिहून द्यायची, संख्या नंतर कळणार. हे तिने मान्य केलं, पण चेहरा काही पटलेला नव्हता. म्हणून फरकांचा तक्ता करायला लावला. क्ष ला ०, १, २, ३, ४ या किमती दिल्या. क्ष² साठी ०, १, ४, ९, १६. शेजारच्या संख्यांचे फरक १, ३, ५, ७. त्यांचे फरक २, २, २. पुढे सगळी शून्यं. क्ष³ साठी तिने स्वतः करून पाहिलं, तिसऱ्या फेरीला ६, ६ आले. असं का होतं? (क्ष + १)² − क्ष² = २क्ष + १. फरक घेतला की कोटी एकने उतरते, त्यामुळे कुठलीही बहुपदी कधी ना कधी शून्यावर येणारच. आता २ चे घात: १, २, ४, ८, १६. फरक १, २, ४, ८. पुन्हा फरक १, २, ४. हे कधीच शून्य होणार नाही, दर वेळी पुन्हा तेच घात हाती येतात. वाद मिटला.

(क्ष² − ४)/(क्ष − २) वर मात्र आमचं पूर्ण एकमत झालं नाही. तिचं म्हणणं, काट मारली की क्ष + २ उरतं, म्हणजे बहुपदी. माझं म्हणणं, क्ष = २ ठेवलं की मूळ राशी अडते, क्ष + २ अडत नाही, म्हणून दिलेली राशी बहुपदी नव्हे, ती बाकी सगळीकडे एका बहुपदीशी जुळते इतकंच. परीक्षेत काय लिहायचं असं तिने विचारलं. दोन्ही वाक्यं लिही, म्हटलं.

आणखी एक सवय वाटेत सापडली. 'क्ष² − ५क्ष + ६ चे अवयव पाडा' असं दिलं की ती अवयव पाडून पुढे क्ष = २, क्ष = ३ लिहून मोकळी व्हायची. बहुपदी दिसली की तिच्यापुढे '= ०' आहे असं गृहीतच. तिला ०, १, २, ३, ४ या किमती ठेवायला सांगितल्या. ६, २, ०, ०, २ आल्या. बहुपदीला प्रत्येक ठिकाणी काही ना काही किंमत असते. ती शून्य कुठे होते, हा तिच्याबद्दल विचारलेला एक प्रश्न झाला. तो विचारलेला नसेल तर उत्तर द्यायचं कारण नाही.

काही काळाने दुसरा कागद दिला. √५क्ष³ आणि क्ष⁻² दोन्ही बरोबर, कारणांसकट. भागाकारात गाळलेलं पद असेल तर ती आता आधी कोटी लिहिते, मग कोटीपेक्षा एकाने जास्त रकाने आखते आणि मगच सहगुणक भरते. √(क्ष²) ला तिने 'हो, क्षच आहे' लिहिलं होतं. क्ष ला −३ किंमत देऊन बघ, म्हटल्यावर ९ चं वर्गमूळ ३ आलं, −३ नव्हे, आणि तिने उत्तर मागे घेतलं. शेजारच्या √(क्ष⁴) चं 'हो' मात्र तिने राखलं: क्ष² कधी ऋण होत नाही, म्हणून इथे चिन्हाची भानगड नाही.

हाच मार्ग सगळ्यांना लागू पडेल असं नाही. हिची आकडेमोड भक्कम होती, म्हणून आम्हाला थेट कारणांवर बोलता आलं. कंस सोडवतानाच चिन्हं चुकणाऱ्या मुलासमोर कोट्यांच्या नियमाने √क्ष ला बाद करणं म्हणजे त्याच्या डोक्यावर आणखी एक ओझं.

घाई असली की '= ०' अजून तिच्या हातून उमटतं. दोन चलांतही गाडी अडते. ४क्ष²य³ ची कोटी ती ३ सांगते, 'सर्वांत मोठा घातांक' ही जुनी सवय. एकूण किती वेळा चलाने गुणलं हे मोजलं तर ५ येतात. पुढच्या वेळी त्याच खेळात मनातल्या संख्या दोन ठेवायच्या, क्ष आणि य, आणि पदं तिलाच बांधायला लावायची, असं ठरवलं आहे.